आवाजाचे दप्तर : हॅली क्विन ब्राऊन यांच्या कागदपत्रांविषयी

वक्तृत्व शिकवणाऱ्या माणसाच्या मागे उरलेले कागद वाचणे हे इतर कोणाचेही कागद वाचण्यापेक्षा निराळे काम आहे. कवीच्या वह्यांत कविता सापडते, इतिहासकाराच्या बाडांत इतिहास सापडतो. वक्त्याच्या बाडांत मात्र भाषण सापडत नाही. तिथे भाषणाआधीची तयारी असते आणि भाषणानंतरचा बोलबाला असतो. ज्या तासाभरासाठी हे सारे घडले, तो तास श्रोत्यांबरोबरच सभागृहातून निघून गेलेला असतो. अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या विल्बरफोर्स विद्यापीठात वक्तृत्वाच्या प्राध्यापक असलेल्या हॅली क्विन ब्राऊन यांच्याविषयी मी बराच काळ वाचते आहे, आणि त्यांच्या दप्तराकडे कसे पाहावे हा प्रश्न मला त्यांच्या चरित्राइतकाच महत्त्वाचा वाटतो. म्हणून आज दोन्हींबद्दल लिहिते.

आधी जागेविषयी, कारण या दप्तराची कथा त्या गावापासून वेगळी काढता येत नाही. विल्बरफोर्स हे ओहायोच्या नैर्ऋत्य भागातले, झीनिया शहराजवळचे लहानसे गाव. गुलामगिरीच्या विरोधात आयुष्य वेचणाऱ्या ब्रिटिश संसदपटू विल्यम विल्बरफोर्स यांच्या नावाने १८५६ मध्ये तिथे विद्यापीठ सुरू झाले आणि १८६३ मध्ये बिशप डॅनियल पेन यांच्या पुढाकाराने आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल चर्चने ते विकत घेतले. कृष्णवर्णीयांच्या स्वतःच्या मालकीचे विद्यापीठ ही त्या काळात किती मोठी गोष्ट होती, हे वेगळे सांगायला नको. १४ एप्रिल १८६५ रोजी, म्हणजे ज्या दिवशी अध्यक्ष लिंकन यांच्यावर गोळी झाडली गेली त्याच दिवशी, विद्यापीठाची मुख्य इमारत आगीत जळाली आणि ती पुन्हा उभारावी लागली. पुढे १८८७ मध्ये राज्य सरकारच्या मदतीने तिथे शिक्षक-प्रशिक्षणाचा आणि औद्योगिक शिक्षणाचा विभाग सुरू झाला. तो विभाग १९४७ मध्ये मूळ विद्यापीठापासून वेगळा झाला आणि त्यातूनच आजचे सेंट्रल स्टेट विद्यापीठ उभे राहिले. या सेंट्रल स्टेटच्या ग्रंथालयाला हॅली क्यू. ब्राऊन यांचे नाव आहे आणि त्यांची कागदपत्रेही तिथेच आहेत. ३ एप्रिल १९७४ रोजी झीनियावर आलेल्या भीषण चक्रीवादळाने या विद्यापीठाच्या परिसराची मोठी वाताहत केली. आग आणि वावटळ या दोन्हींनी झोडपलेल्या गावात एका शिक्षिकेचे कागद शिल्लक आहेत, ही गोष्ट मी कृतज्ञतेने नोंदवते.

ब्राऊनबाईंचा जन्म पेनसिल्व्हेनियातल्या पिट्सबर्गचा. जन्मवर्षाबाबत मात्र एकवाक्यता नाही. कुठे १८४९ दिलेले असते, कुठे १८५०. त्यांचे आई-वडील दोघेही गुलामगिरीतून मुक्त झालेले होते. वडील टॉमस आर्थर ब्राऊन नदीतून चालणाऱ्या आगबोटींवर कारभारी म्हणून काम करत, आणि दक्षिणेतून पळून आलेल्या गुलामांना त्यांच्या घरी आसरा मिळे. १८६४ मध्ये हे कुटुंब कॅनडातल्या चॅटम इथे राहायला गेले आणि १८७० च्या सुमारास विल्बरफोर्सला आले. हॅली १८७३ मध्ये तिथून पदवीधर झाल्या आणि लगेच दक्षिणेत शिकवायला गेल्या. मिसिसिपी आणि साउथ कॅरोलिना या राज्यांत मळ्यांवरच्या शाळांमधून त्यांनी शिकवले. यादवी युद्ध संपून तेव्हा जेमतेम ८ वर्षे झाली होती आणि अक्षर गिरवू पाहणाऱ्यांची पहिली पिढी त्या शाळांत बसत होती. एका मळ्यावरची शाळा ओंडक्यांची होती आणि ओंडक्यांमधल्या फटींतून वारा आत येई. ब्राऊनबाई दोन मोठ्या मुलांना बरोबर घेऊन खेचरांवरून गिरणीपर्यंत गेल्या, तिथून सरकी आणली, ती मातीत कालवली आणि त्या गिलाव्याने स्वतःच्या हातांनी फटी बुजवल्या. ही हकीकत त्यांच्या हयातीतच, १८९३ च्या सुमारास, त्यांच्या परिचयलेखांतून छापली गेली होती. पुढे ज्या बाईंच्या श्वासाचे आणि स्वराचे इतके कौतुक झाले, त्यांच्या हातांविषयीची ही नोंद मला फार मोलाची वाटते.

त्यानंतर त्या ओहायोतल्या डेटन शहरात शिकवत होत्या. दक्षिणेतून नुकत्याच आलेल्या प्रौढांसाठी त्यांनी तिथे रात्रीचा वर्ग चालवला. तिथेच बॉस्टनच्या वक्तृत्व विद्यालयाशी संबंधित एका प्राध्यापकांकडे त्यांनी पद्धतशीरपणे वक्तृत्वाचे धडे घेतले. १८८५ ते १८८७ या काळात त्या साउथ कॅरोलिनातल्या ॲलन विद्यापीठात डीन होत्या. १८९२-९३ मध्ये त्या अलाबामातल्या टस्कीगी या कृष्णवर्णीयांच्या शिक्षणसंस्थेत, तिचे प्रमुख बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या हाताखाली, स्त्री-प्राचार्य होत्या. आणि १८९३ मध्ये विल्बरफोर्सने त्यांना वक्तृत्वाचे प्राध्यापकपद दिले.

या नेमणुकीचे वजन कळण्यासाठी थोडे मागे जावे लागते. अमेरिकेत स्त्री-पुरुषांच्या मिश्र सभेपुढे राजकीय भाषण करणारी पहिली अमेरिकन स्त्री म्हणून जिचे नाव घेतले जाते, ती मारिया स्ट्युअर्ट ही कृष्णवर्णीय होती. १८३२ मध्ये बॉस्टनच्या फ्रँकलिन हॉलमध्ये ती बोलली आणि दुसऱ्याच वर्षी निरोपाचे भाषण करून तिने ते शहर सोडले, इतका तिला विरोध झाला. ओहायोतल्याच ओबर्लिन महाविद्यालयाने स्त्रियांना पुरुषांबरोबर पदवीपर्यंत शिकण्याची संधी दिली, पण वादसभेत बोलण्याची दिली नाही. १८४७ मध्ये लुसी स्टोन पदवीधर झाली, तेव्हा पदवीदानाच्या वेळी तिचा निबंध कोणा पुरुषाने वाचून दाखवावा असा रिवाज होता. तिने तो निबंध लिहायलाच नकार दिला. स्त्रीने लिहावे, पण चारचौघांत स्वतःच्या तोंडाने बोलू नये, हा नियम सुशिक्षित मंडळींनी घालून दिलेला होता. त्याच राज्यात त्यानंतर ४६ वर्षांनी एका कृष्णवर्णीय स्त्रीला, दुसऱ्यांना बोलायला शिकवण्यासाठी, प्राध्यापक म्हणून नेमले गेले. अर्थात त्याबरोबर हेही ध्यानात ठेवले पाहिजे की काव्यवाचन, अभिवाचन, आवाजाची आणि हावभावांची साधना हा वक्तृत्वाचा भाग त्या काळात स्त्रियांना शोभणारा मानला जाई, आणि वाद, युक्तिवाद, न्यायालयातले किंवा विधिमंडळातले बोलणे हा पुरुषांचा प्रांत समजला जाई. स्त्रियांना जे दार उघडले होते ते दिवाणखान्याचे होते. ब्राऊनबाई त्याच दाराने आत शिरल्या आणि तिथून थेट राजकीय सभांच्या व्यासपीठांवर पोहोचल्या, हे त्यांचे कर्तृत्व.

नेमणूक झाली, तरी लगेच त्या वर्गात स्थिरावल्या नाहीत. १८९४ मध्ये त्या युरोपला गेल्या आणि पाचएक वर्षे तिथे व्याख्याने आणि अभिवाचने करत राहिल्या. १८९५ मध्ये लंडनला स्त्रियांच्या जागतिक मद्यपानविरोधी संघटनेच्या अधिवेशनात त्या बोलल्या आणि १८९९ मध्ये लंडनलाच भरलेल्या आंतरराष्ट्रीय महिला परिषदेत त्या प्रतिनिधी होत्या. परतल्यावर पुढची अनेक वर्षे त्यांनी विल्बरफोर्सला शिकवले, आणि विद्यापीठासाठी पैसा उभा करण्याचे कामही केले.

आता त्यांच्या विषयाकडे येते. १८८० च्या सुमारास त्यांचे ‘बिट्स अँड ऑड्स’ हे अभिवाचनासाठी निवडलेल्या वेच्यांचे पुस्तक निघाले, १९१० मध्ये ‘एलोक्यूशन अँड फिजिकल कल्चर’ आणि १९२० मध्ये ‘फर्स्ट लेसन्स इन पब्लिक स्पीकिंग’. ज्याला त्या काळी एलोक्यूशन म्हणत, त्या शास्त्राचा पाया शरीर हा होता. श्वास पोटातून कसा घ्यावा, तो वाक्याच्या शेवटापर्यंत कसा पुरवावा, छाती मोकळी कशी राहील, जबडा आणि ओठ कसे सैल सोडावेत, हात केव्हा उचलावा आणि केव्हा उचलू नये, हे सारे व्यायामासारखे रोज करून घेतले जाई. म्हणूनच १९१० च्या पुस्तकाच्या शीर्षकात वक्तृत्वाच्या जोडीला शरीरसाधना आहे. त्या काळातली वक्तृत्वाची पुस्तके उघडून पाहिली, तर त्यांतल्या कवितांवर खुणा केलेल्या दिसतात: कुठे थांबायचे त्यासाठी उभी रेघ, स्वर चढवायचा तिथे एका बाजूला झुकलेली तिरपी रेघ, उतरवायचा तिथे विरुद्ध बाजूला झुकलेली, आणि आघात द्यायच्या शब्दाला तिरका टाइप. छापील मजकूर सगळ्यांना सारखाच असतो. शिक्षकाचे काम या खुणांत असते. मी स्वतः विद्यार्थ्यांकडून अभिवाचनाची तयारी करून घेते, आणि मला अनुभवाने ठाऊक आहे की कागदावर पेन्सिलीने ओढलेल्या एका उभ्या रेघेमागे कधीकधी अख्ख्या तालमीचा खल असतो.

एकच उदाहरण जवळून पाहू. ब्राऊनबाई ज्या कविता म्हणत, त्यांत ‘हाऊ ही सेव्हड सेंट मायकेल्स’ ही एक होती. चार्ल्स्टन शहरातल्या सेंट मायकेल चर्चच्या उंच मनोऱ्यावर आगीचा एक निखारा जाऊन पडतो. खाली जमलेल्या लोकांना तो दिसतो, पण तिथवर पोहोचणे कोणालाच शक्य वाटत नाही. इतक्यात एक माणूस मनोऱ्यावर चढताना दिसतो. गर्दीचे श्वास रोखलेले, वर धूर, आणि तो माणूस एकेक वीत पुढे सरकतो आहे. तो जळते लाकूड उपटून खाली फेकतो आणि चर्च वाचते. तो उतरून खाली येतो, तेव्हा या वीराला पाहायला गर्दी पुढे सरसावते आणि तेव्हा कळते की तो एक गुलाम आहे. शेवटी त्याला स्वातंत्र्य मिळते.

अभिवाचनाच्या दृष्टीने या कवितेची सगळी ताकद ओळख उशिरा पटण्यात आहे. म्हणणाऱ्याने वर चढणाऱ्या माणसाविषयीचे कुतूहल ताणत न्यायचे, त्या एका जागी थांबायचे आणि मग ते उघड करायचे. एखादा गौरवर्णीय वक्ता ही कविता गौरवर्णीय श्रोत्यांपुढे म्हणत असेल, तर तो विराम आश्चर्याचा असतो. पण तीच कविता ब्राऊनबाई म्हणत आहेत अशी कल्पना करा. श्रोते पहिल्या ओळीपासून एका कृष्णवर्णीय स्त्रीकडे पाहत आहेत. गुलामांच्या पोटी जन्मलेली ही बाई तो मनोरा, तो धूर, ती गर्दी आपल्या आवाजाने त्यांच्यापुढे उभी करते आहे. त्या माणसाची ओळख पटते त्या क्षणी श्रोत्यांना कवितेतल्या वीराबरोबर समोर उभ्या असलेल्या बाईंकडेही पुन्हा नव्याने पाहावे लागत असणार. विराम तोच, शब्द तेच, उभी रेघही त्याच जागी. पण त्या रेघेत जे घडते ते वेगळे आहे. पुस्तकात छापलेली कविता वाचून हे कधीच कळणार नाही. कविता कोणती, ती कोणत्या गावात म्हटली, सभागृह कोणाचे होते, त्या संध्याकाळच्या कार्यक्रमात तिच्या आधी आणि नंतर काय होते, हे जेव्हा कार्यक्रमपत्रिकेवरून आणि कात्रणांवरून जुळवता येते, तेव्हाच ते थोडेफार हाती लागते.

म्हणूनच अशा दप्तरातल्या ज्या कागदांना एरवी किरकोळ समजतात, तेच मला सर्वांत महत्त्वाचे वाटतात. कार्यक्रमपत्रिका, जाहिरातीची हस्तपत्रके, व्याख्यानाची अर्धवट टिपणे, वृत्तपत्रांची कात्रणे. अभिलेखागारांची सूची करताना पत्रव्यवहाराला पहिला मान मिळतो, मग छापील पुस्तकांची हस्तलिखिते येतात आणि उरलेले सगळे ‘इतर’ या सदरात टाकले जाते. राजकारण्याच्या किंवा कादंबरीकाराच्या बाबतीत ही उतरंड कदाचित योग्य असेल. वक्तृत्वाच्या शिक्षिकेच्या बाबतीत ती उलटी असायला हवी, असे माझे स्पष्ट मत आहे. तारीख नसलेले, दोन ओळी खोडलेले, समासात ‘इथे सावकाश’ अशा धर्तीचे काही लिहिलेले टिपण हे तिच्या विषयातले मूळ साधन आहे.

कात्रणांबाबत मात्र सावध राहावे लागते. त्या काळची वृत्तपत्रे एखाद्या वक्त्या स्त्रीबद्दल लिहिताना आधी तिचा रंग सांगत, मग बांधा, मग पोशाख, मग आवाजाचा गोडवा, आणि ती काय बोलली ते सर्वांत शेवटी, तेही आलेच तर. शिवाय वक्ते आपल्याविषयीचे चांगले अभिप्राय निवडून पुढच्या दौऱ्याच्या जाहिरातीत छापत. त्यामुळे कात्रणांच्या वहीत कौतुकाचे प्रमाण जास्त असणार, हे गृहीत धरूनच ती वाचावी. आवाजाची पट्टी, स्पष्टता, विनोदी वेच्याकडून गंभीर वेच्याकडे जाण्यातली सहजता असे जे तपशील अनेक गावांच्या वार्ताहरांनी एकमेकांशी संबंध नसताना लिहिलेले असतात, त्यांच्यावर मी भरवसा ठेवते. नुसत्या विशेषणांवर ठेवत नाही.

बोलीभाषेचा प्रश्न याहून नाजूक आहे. ब्राऊनबाईंच्या वेच्यांत दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांच्या बोलीतले वेचे होते. त्या काळात रंगमंचावर हीच बोली गौरवर्णीय नट तोंडाला काळे फासून थट्टेसाठी वापरत. त्याच बोलीला प्रतिष्ठेने, बोलणाऱ्याचा मान राखून, शिकलेल्या श्रोत्यांपुढे उभे करणे हे धाडसाचे काम होते आणि त्यांच्याच समाजातल्या काही लोकांना ते रुचण्याजोगे नव्हते. विद्यापीठात प्रमाण उच्चार शिकवायचे आणि व्यासपीठावर आपल्या लोकांची बोलीही जिवंत ठेवायची, हे दोन्ही त्या एकाच वेळी करत होत्या. वक्तृत्वाच्या अभ्यासक सुसान केट्स यांनी १९९७ मध्ये ब्राऊनबाईंवर लेख लिहिला आणि त्यानंतर त्यांच्या अध्यापनाकडे संशोधकांचे लक्ष नव्याने गेले. केट्स यांनी त्यांच्या वक्तृत्वाला देहात वसलेले वक्तृत्व म्हटले आहे आणि त्यांच्या शिकवणीतला सामाजिक जबाबदारीचा धागा दाखवून दिला आहे. विद्यार्थ्याने उत्तम बोलावे, पण ते बोलणे आपल्या लोकांच्या उपयोगी पडावे, हा तो धागा. पाठ्यपुस्तकांत श्वास आणि स्वर यांचे नियम आहेत. ते नियम कशासाठी, याचे उत्तर मोठ्या प्रमाणात त्यांच्या भाषणांत आणि टिपणांत आहे. दप्तर नसते, तर ब्राऊनबाई प्रचलित पद्धतीची चांगली पुस्तके लिहिणाऱ्या एक शिक्षिका एवढ्याच उरल्या असत्या.

स्वतः त्या आपला आवाज कशासाठी वापरत होत्या, हे पाहायचे तर १९२० ते १९२४ ही वर्षे पाहावीत. या काळात त्या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या राष्ट्रीय संघटनेच्या अध्यक्ष होत्या. गुलामगिरीतून निसटून तिच्याविरुद्ध लढलेले नेते फ्रेडरिक डग्लस यांचे वॉशिंग्टनमधले घर जतन करण्याचे काम संघटनेने याच काळात तडीस नेले. १९२३ मध्ये दक्षिणेतल्या गौरवर्णीय स्त्रियांच्या एका संघटनेच्या आग्रहावरून, मालकाची मुले वाढवणाऱ्या ‘निष्ठावान’ गुलाम दायांचे स्मारक राजधानीत उभारण्यासाठी जागा देण्याचे विधेयक सिनेटने मंजूर केले. कृष्णवर्णीय स्त्रियांच्या संघटनेने त्याला कडाडून विरोध केला. त्या दायांना स्वतःची मुले होती आणि ती त्यांच्यापासून तोडून विकली जात होती, हे विसरून त्यांच्या निष्ठेचा पुतळा कसा उभारता येईल, असा तो प्रश्न होता. ते विधेयक प्रतिनिधिगृहात कधीच मंजूर झाले नाही. १९२४ मध्ये क्लीव्हलँडला भरलेल्या रिपब्लिकन पक्षाच्या राष्ट्रीय अधिवेशनातही ब्राऊनबाई बोलल्या. तेव्हा त्यांचे वय ७४-७५ च्या आसपास होते.

पुढच्या वर्षीचा प्रसंग तर फारच बोलका आहे. मे १९२५ मध्ये आंतरराष्ट्रीय महिला परिषदेनिमित्त वॉशिंग्टनमध्ये संगीताचा कार्यक्रम ठेवला होता आणि त्यात कृष्णवर्णीय गायक गाणार होते. मात्र कृष्णवर्णीय प्रेक्षकांना वेगळे बसवले जाणार असल्याचे कळले. ब्राऊनबाईंनी परिषदेतच उठून निषेध केला. ही जगभरच्या स्त्रियांची सभा आहे आणि इथे रंगाला जागा नाही, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. व्यवस्था बदलली नाही तर आमचे गायक गाणार नाहीत, हेही त्यांनी सांगितले. व्यवस्था बदलली नाही आणि गायक गायले नाहीत. आयुष्यभर बोलण्याची कला शिकवलेल्या बाईंनी त्या संध्याकाळी आपल्या लोकांच्या मौनाचा उपयोग केला. हे भाषण त्यांनी घरून लिहून आणले असण्याची शक्यता कमीच. ते आपल्याला ठाऊक आहे ते वार्ताहरांच्या लेखणीतून. ज्या भाषणांचे मसुदे नीट जपलेले असतात, ती बहुधा शांतपणे पार पडलेली असतात. ज्या भाषणांनी सभा हादरली, त्यांचा कागद वक्त्याच्या खोक्यात नसून दुसऱ्या कोणाच्या तरी वहीत असतो.

यावरून आणखी एक गोष्ट येते. एका स्त्रीचे दप्तर एका जागी कधीच पूर्ण नसते. ब्राऊनबाईंचा वावर टस्कीगीत होता, संघटनांत होता, चर्चमध्ये होता. कृष्णवर्णीय स्त्रियांच्या राष्ट्रीय संघटनेचे ‘नॅशनल नोट्स’ नावाचे नियतकालिक होते. बुकर टी. वॉशिंग्टन आणि त्या संघटनेच्या पहिल्या अध्यक्ष मेरी चर्च टेरेल यांचे प्रचंड पत्रसंग्रह वॉशिंग्टनच्या काँग्रेस ग्रंथालयात आहेत. ज्यांच्याशी बाईंचा संबंध आला, त्यांच्या खोक्यांतून त्यांचा माग काढावा लागतो. मोठ्या पुरुषाच्या कागदांत शंभर जणांची पत्रे सापडतात. त्या शंभर जणांत ज्या शिक्षिका, प्रचारिका आणि वर्गणी गोळा करणाऱ्या बाया असतात, त्यांचे स्वतःचे कागद मात्र क्वचितच कोणी राखून ठेवलेले असतात. ब्राऊनबाईंचे राखले गेले, याला एक कारण त्यांचे गाव आहे. विल्बरफोर्समध्ये त्यांनी आयुष्याचा मोठा भाग काढला, १६ सप्टेंबर १९४९ रोजी तिथेच त्यांचा मृत्यू झाला आणि त्यांना ओळखणारी विद्यार्थ्यांची पिढी तिथल्या दोन्ही विद्यापीठांत होती.

विषय म्हणून वक्तृत्वाचे जे झाले, तेही या दप्तराच्या उपेक्षेला कारणीभूत आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एलोक्यूशन हे नाव हळूहळू बदनाम झाले. हातवारे, कृत्रिम स्वर, पाठ केलेल्या कविता एवढाच त्याचा अर्थ उरला. १९१४ मध्ये १७ प्राध्यापकांनी इंग्रजीच्या शिक्षकांपासून वेगळे होऊन सार्वजनिक भाषणाच्या अध्यापकांची स्वतंत्र संघटना काढली. ते सतराही जण पुरुष होते. नव्या विषयाला संशोधनाची प्रतिष्ठा हवी होती, आणि जुना विषय म्हणजे बायकांनी दिवाणखान्यात कविता म्हणणे, असे चित्र त्यासाठी सोयीचे होते. स्त्रिया या नव्या विषयातही होत्याच. व्हॅसर महाविद्यालयात शिकवणाऱ्या मेरी यॉस्ट यांनी १९१७ मध्ये मिशिगन विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवली आणि त्याच वर्षी युक्तिवादाचा समाजशास्त्राच्या अंगाने विचार करणारा लेख नव्या संघटनेच्या नियतकालिकात लिहिला. वाद म्हणजे दुसऱ्याला हरवणे ही कल्पना सोडून, तो माणसांमाणसांतला व्यवहार आहे असे त्यांनी मांडले. यॉस्ट यांचे काम सिद्धान्ताचे होते, त्यामुळे ते नियतकालिकाच्या पानांत सापडते. ब्राऊनबाईंचे काम वर्गात आणि व्यासपीठावर झाले. १९२० च्या त्यांच्या पुस्तकाचे शीर्षक पाहिले, तर काळ कुठे चालला आहे याची त्यांना पुरेपूर जाण होती हे दिसते, तरी विषयाच्या अधिकृत इतिहासांत त्यांना कित्येक दशके स्थान मिळाले नाही.

या सगळ्याची जाणीव त्यांना स्वतःला असावी, असे मला वाटण्याचे कारण त्यांचे १९२६ चे पुस्तक आहे. ‘होमस्पन हिरॉइन्स अँड अदर विमेन ऑफ डिस्टिंक्शन’ या नावाने त्यांनी सुमारे ६० कृष्णवर्णीय स्त्रियांची चरित्रे संकलित केली. ते झीनियात छापले गेले, १९८८ मध्ये ऑक्सफर्डने त्याचे पुनर्मुद्रण केले आणि आता ते इंटरनेटवर कोणालाही मोफत वाचता येते. त्यात फिलिस व्हीटली, सोजर्नर ट्रुथ, हॅरिएट टबमन, फ्रान्सिस हार्पर आणि मॅडम सी. जे. वॉकर या नामवंत स्त्रिया आहेत. त्यांच्याच पंक्तीत जिची कीर्ती गावाच्या वेशीपलीकडे गेली नव्हती अशा शिक्षिका, परिचारिका आणि चर्चचे काम करणाऱ्या बायाही आहेत. बाईंची आई फ्रान्सिस जेन ब्राऊन हिचेही चरित्र त्यात आहे. संपादनाचे हे काम त्यांनी पंचाहत्तरी ओलांडताना केले. चरित्रे वेगवेगळ्या लेखिकांकडून लिहवून घेतली, कारण ज्या बाईला ज्यांनी पाहिले, तिच्याविषयी त्यांनीच सांगावे. त्यांतल्या बऱ्याच चरित्रांतला मजकूर आठवणींतून आलेला आहे. एखादी बाई कशी चालत असे, प्रार्थनेत कोणत्या सुरात बोलत असे, सभेत उठून उभी राहिली की काय होत असे, असले तपशील त्यांत येतात.

हे पुस्तक वाचताना मी आता संपादिकेची निवड पाहत जाते. एखाद्या चरित्रात त्या बाईच्या बोलण्याची लकब राखली आहे, तर दुसऱ्यात नुसती पदे आणि संस्था दिल्या आहेत. कोणत्या लेखिकेने कोणाविषयी लिहिले आणि दोघींची ओळख कुठली, हेही पुष्कळदा मजकुरातून उलगडते. पुढे १९३७ मध्ये त्यांनी विल्बरफोर्सच्या आद्य मंडळींची शब्दचित्रे वेगळ्या पुस्तकात आणली. ही दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून सेंट्रल स्टेटमधल्या कागदांशी ताडून पाहण्याचे काम कोणीतरी सविस्तर करायला हवे. त्यासाठी वक्तृत्वाचा जाणकार हवा, कारण चरित्रातले कुठले वाक्य लिहिण्यासाठी लिहिले आहे आणि कुठले आधी सभेत म्हणून पाहिलेले आहे, हे वाक्य मोठ्याने वाचल्याशिवाय कळत नाही.